मावशींची लाल टेस्ट

पाळणाघराच्या फाटकावर मावशी अकरा वर्षं उभ्या होत्या. खरोखरच उभ्या, कारण तिथल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि त्यावर बसून डुलण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. एकशेतीस मुलं साडेतीन ते सहा या वेळात एकेक करून घरी जायची. कोणाला आई न्यायला येई, कोणाला आजोबा, कोणाला शेजारीण. कोणतं मूल कोणाच्या हाती द्यायचं याची यादी मावशींच्या वहीत असे, आणि वहीपेक्षा पक्की त्यांच्या डोक्यात.

एका दुपारी ऑफिसातून निरोप आला, की एका मुलीच्या आईने आत्ताच फोन केला आहे, आजपासून मुलीला वडिलांबरोबर सोडायचं नाही. मावशींनी वहीतल्या नावावर रेघ मारली. पेन खाली ठेवतात न ठेवतात तोच वडील दारात. रोजचा माणूस, हसतमुख, हातात मुलीची पाण्याची बाटली. मावशींनी कडीवर हात ठेवला तो काढलाच नाही. तो आधी हसला, मग आवाज चढवला, मग फाटकाला लाथ घातली. आतल्या बायकाही म्हणू लागल्या, की द्या हो, बापच आहे, राक्षस थोडाच आहे. मावशींचं एकच पालुपद होतं, "यादीत नाही." वीस मिनिटांनी तो निघून गेला. पुढे त्या घरात काय झालं ते मावशींना कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. पण रेघ मारणं आणि तो माणूस दारात येणं यांच्यामध्ये किती थोडा वेळ होता, ते त्यांच्या मनात कायमचं बसलं.

पुढे वही गेली आणि टॅबलेट आला. आईवडिलांनी आपल्या फोनवरून नावं घालायची किंवा काढायची, ती यादी फाटकावर दिसायची. न्यायला आलेल्या माणसाचा फोटो हिरव्या चौकटीत आला की मूल सोडायचं, लाल चौकट आली की नाही. कल्पना छान होती. पण मावशींना त्यात रोज काहीतरी खुपे आणि त्या लगेच टॅबलेट पुरवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावीत. त्यांचा आवाज ऐकला की पलीकडचा माणूस उसासा टाकी. एका वर्षात एकतीस तक्रारी. कंपनीच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, कंटाळून ती यादी तपासायला घेतली तेव्हा त्यातल्या तीस खऱ्या निघाल्या. एकतिसाव्या वेळी टॅबलेटचं बटणच दाबलेलं नव्हतं. मॅडमनी मावशींना बोलावून घेतलं आणि विचारलं, की बाहेरून भांडण्यापेक्षा आत येऊन भांडाल का.

अशा रीतीने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मावशी टेस्टिंगच्या नोकरीला लागल्या. शिक्षण बारावी. इंग्रजी वाचता येई, बोलताना अडखळे. ऑफिसातही सगळे त्यांना मावशीच म्हणू लागले. त्या हाकेत थोडं प्रेम होतं आणि थोडं 'चहा ठेवा हो' असंही होतं. मावशींनी पहिलं तेवढं घेतलं. दुसऱ्याबद्दल एकदाच बोलल्या, की चहाचं यंत्र तिकडे कोपऱ्यात आहे, त्याचं बटण मी तपासलेलं आहे, चालतं.

काम साधं होतं. स्क्रीनवर माणसासारखं फिरायचं, सगळी बटणं दाबायची, कागदावर बरोबर-चूकच्या खुणा करायच्या. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा प्रमुख तिशीतला होता, त्याला ऑफिसभर दाढी म्हणत. हुशार, कामाचा, आणि आपल्या बाराशे टेस्टचा त्याला फार अभिमान. या टेस्ट म्हणजे प्रोग्राम तपासणारे छोटे प्रोग्राम. सर्व्हरवर चालणाऱ्या कामाचा एकेक तुकडा सुटा करून तपासायचा. शेजारच्या तुकड्याच्या जागी एक खोटा ठोकळा लावायचा, जो कायम 'हो' म्हणतो. रोज बाराशेच्या बाराशे हिरव्या.

मावशींनी त्याला विचारलं, की आईने फोनवर नाव काढलं इथपासून ते नाव फाटकावर दिसेनासं झालं इथपर्यंतची सगळी वाट कोणी चालून बघितली आहे का.

"वाटेतला प्रत्येक तुकडा तपासलेला आहे, मावशी."

"तुकडे नाही विचारले मी. वाट विचारली."

दाढीने समजावलं, की तसली टोकापासून टोकापर्यंतची टेस्ट उभी करायची तर खरा डेटाबेस लागतो, खरे सर्व्हर लागतात, सगळं एकमेकांना जोडावं लागतं. ती हळू चालते, उगाच मोडते आणि सांभाळताना नाकी नऊ येतात. शेवटी हेही म्हणाला, की हे प्रोग्रामरचं काम आहे. ते शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मावशी त्याच दिवशी मॅडमकडे गेल्या आणि सामानाच्या खोलीत धूळ खात पडलेला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला. मॅडमनी अट घातली, की नेहमीच्या कामात खोट यायला नको. म्हणून मावशी सकाळी सातला येऊ लागल्या. वॉचमन कुलूप उघडी, खिडक्या उघडी, आणि मावशी पदर खोचून बसत.

इंटरनेटवरचे लेख वाचून शिकत पहिले सहा आठवडे त्यांनी नुसत्या चुका केल्या. डेटाबेस सुरू व्हायच्या आधीच टेस्ट सुरू व्हायची आणि तोंडावर आपटायची. मग त्यांनी लिहिलं, की तीस सेकंद थांब. पण डेटाबेस कधी वीस सेकंदांत उठे, कधी चाळीस. शेवटी एका लेखात त्यांना तोड सापडली: ठरावीक वेळ थांबायचंच नाही, दर सेकंदाला 'झालास का जागा' म्हणून विचारायचं आणि हो म्हटलं की पुढे जायचं. घरी मुलीला उठवताना त्या वर्षानुवर्षं हेच करत होत्या, ते कॉम्प्युटरला सांगायला दीड आठवडा लागला.

खोट्या पाळणाघरात खोटी मुलं हवीत, म्हणून त्यांनी पक्षी बसवले. चिमणी, साळुंकी, बगळा. चिमणीची आई, चिमणीचा मामा, बगळ्याची आत्या. आणि या पक्ष्यांनीच त्यांचं पहिलं हसं केलं. एका सकाळी टेस्ट सांगू लागली, की कोणीही न घातलेलं नाव यादीत दिसतंय. मावशींनी वीस जणांना मेल पाठवला, की मोठी गडबड आहे. दाढीने दहा मिनिटांत कारण दाखवलं. आदल्या दिवशीच्या टेस्टने घातलेली चिमणी डेटाबेसमध्ये तशीच राहिली होती. मावशींनी आवरूनच ठेवलं नव्हतं. पुढे आठ दिवस येताजाता कोणीतरी विचारी, "मावशी, चिमणी उडाली का?" पण त्या दिवसापासून प्रत्येक टेस्ट कोऱ्या डेटाबेसवर सुरू होऊ लागली.

सर्व्हर किती लावायचे यावरूनही वाजलं. खऱ्या कामाला सर्व्हरच्या दोन प्रती चालायच्या आणि येणारी प्रत्येक मागणी मधला वाटाड्या या नाहीतर त्या प्रतीकडे पाठवायचा. दाढी म्हणाला, टेस्टला एक पुरे, त्याच्या स्वतःच्या मशीनवरही एकच चालते. मावशी म्हणाल्या, फाटकामागे दोन असतील तर माझ्याकडेही दोन हव्यात. दाढीने खांदे उडवले. मावशींनी दोन बसवल्या आणि त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी, घरातल्या जावा असाव्यात तशी.

चार महिन्यांनी अकरा टेस्ट उभ्या राहिल्या. आता मॅडमनाही कौतुक वाटलं. नियम झाला, की प्रोग्राममध्ये काहीही बदल केला की दाढीच्या बाराशे आणि मावशींच्या अकरा आपोआप चालणार. एक जरी लाल झाली तरी नवा प्रोग्राम बाहेर जाणार नाही. दाढीला ते आवडलं नाही, पण त्याच्या टेस्ट कधी लाल होत नसत, तेव्हा बोलायला जागा नव्हती. घरी सासूबाईंना या प्रकाराची भारी गंमत. मावशी घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच त्यांचा प्रश्न, "आज लाल की हिरवं?"

बहुतेक दिवस हिरवं असे. मग एक मोठं गिऱ्हाईक आलं, एकाच मालकीची बेचाळीस पाळणाघरं. त्यांना सोमवारपासून सगळं सुरू करून हवं होतं. यादी पटकन दिसावी म्हणून दाढीने सर्व्हरमध्ये सुधारणा केली. दर वेळी डेटाबेसला विचारत बसण्याऐवजी यादी एकदा विचारून दहा मिनिटं जवळ ठेवायची, आणि मध्ये कोणी बदल केला तर जवळची यादी टाकून द्यायची. टॅबलेट एकदम चपळ झाला. बाराशे हिरव्या. मावशींच्या दहा हिरव्या. सहावी टेस्ट लाल.

सहावी म्हणजे चिमणीचा मामा. आईने मामाचं नाव काढलं, टॅबलेटने यादी मागितली, आणि मामा हिरव्या चौकटीत हसत उभा.

दाढीने पुन्हा चालवली, हिरवी झाली. तिसऱ्यांदा हिरवी. चौथ्यांदा लाल. दहातून तीन-चार वेळा लाल व्हायची, बाकी ठीक. "लहरी टेस्ट आहे," दाढी म्हणाला. "मागे चिमणीचं झालं होतं तसंच काहीतरी." चिमणीचं नाव निघताच सगळे हसले. प्रोग्रामरच्या जगात लहरी टेस्टवर एक उपाय सर्रास करतात. ती बंद करायची, बाजूला ठेवायची, सवड झाली की बघू म्हणायचं. ती सवड काही होत नाही.

गुरुवारी मॅडमनी मावशींना काचेच्या खोलीत बोलावलं. दाढी आधीच तिथे बसला होता. मॅडम गोडीत बोलल्या. तुमच्यामुळे शिस्त आली, मला त्याची कदर आहे, पण एका टेस्टपायी बेचाळीस पाळणाघरं थांबवता येणार नाहीत. तेवढी सहावी काढून टाका, पुढच्या महिन्यात निवांत बघू.

"मी नाही काढणार," मावशी म्हणाल्या.

मॅडमना वाटलं, काढता येत नसेल. त्या म्हणाल्या, दाढी मदत करेल.

"काढता येते मला. एका ओळीचं काम आहे. पण ती बरोबर सांगतेय की चूक, हे अजून कोणाला माहीत नाही. चूक आहे असं दाखवा, मी आत्ता काढते. नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी काढा. कोणी काढली ते तिथे नावानिशी राहतं. तुमचं नाव लिहा."

मॅडमनी दाढीकडे पाहिलं. दाढीने लॅपटॉप उघडला, ती ओळ बंद केली, कारणाच्या जागी 'लहरी' असं लिहिलं. त्याचं नाव तिथे आपोआप उमटलं.

शुक्रवारी सकाळी सातला मावशींनी ती ओळ पुन्हा चालू केली. दाढीने दहाला बंद केली. मावशींनी जेवणाआधी चालू केली, दाढीने जेवणानंतर बंद केली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ऑफिसातली माणसं पैजा लावल्यासारखी बघत होती. चार वाजता मॅडमनी दोन गोष्टी केल्या. मावशींचा प्रोग्रामला हात लावायचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना हेल्पलाइनवर बसवलं, कालांतराने पाहू म्हणून. गिऱ्हाइकाच्याच काही अडचणीमुळे सोमवारचा मुहूर्त बुधवारवर गेला होता, तेवढाच काय तो अवकाश.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू एकटीच शहाणी आहेस का तिथे? दाढी शिकलेला आहे. त्यालाही कळत असेलच की."

"त्याला कळत असतं तर तो हसला नसता," मावशी म्हणाल्या. "त्याने कारण दाखवलं असतं. चिमणीच्या वेळी दाखवलं होतं, मी मान खाली घातली. या वेळी कारण दाखव म्हटलं तर नुसता शब्द दिला. लहरी. माझ्या सासरी मला पंधरा वर्षं लहरी म्हणत होते, कारण कोणी शोधलं नाही."

खाटेवर बसलेल्या सासूबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या.

अधिकार गेला होता, पण तो जुना कॉम्प्युटर गेला नव्हता. मावशींनी तो हेल्पलाइनच्या टेबलाखाली सरकवला. सोमवारी सकाळपासून एका कानाला हेडफोन, पायाशी यंत्र. एक फोन संपला की सहावी टेस्ट चालवायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. लाल, हिरवी, हिरवी, लाल. साठ ओळी झाल्या तरी काही अर्थ लागेना. वेळ पाहिली, काही नाही. क्रम पाहिला, काही नाही. मग त्यांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि प्रत्येक ओळीपुढे आणखी दोन गोष्टी लिहायला लागल्या. आईचा निरोप कोणी घेतला, आणि टॅबलेटला यादी कोणी दिली. थोरलीने की धाकटीने.

मंगळवारी दुपारपर्यंत दोनशे चार ओळी झाल्या होत्या. मावशींनी लाल ओळींवर बोट फिरवलं आणि बोट जागच्या जागी थांबलं. प्रत्येक लाल ओळीत निरोप एकीने घेतला होता आणि उत्तर दुसरीने दिलं होतं. एकाही ओळीला अपवाद नाही. ज्या वेळी निरोप आणि उत्तर एकीकडेच, त्या वेळी टेस्ट हिरवी. जिने निरोप घेतला ती आपल्याजवळची यादी टाकून देत होती. दुसरीला कोणी सांगतच नव्हतं. ती आपली जुनी यादी उराशी धरून दहा मिनिटं बसत होती. दाढीच्या मशीनवर एकच प्रत चालत होती, तिथे हे आयुष्यात दिसलं नसतं. टेस्ट लहरी नव्हती, सर्व्हर लहरी होता.

मावशी वही घेऊन मॅडमकडे गेल्या नाहीत. त्या दाढीच्या टेबलापाशी गेल्या. वही बंदच ठेवली, त्याच्या हातात एक फोन दिला आणि स्वतः नमुन्याचा टॅबलेट धरला; दोन्ही मावशींच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेले. म्हणाल्या, तू चिमणीची आई हो. मामाचं नाव काढ.

दाढीला हसू आलं, पण त्याने नाव काढलं. मावशींनी टॅबलेट त्याच्यापुढे धरला. मामा नव्हता. दाढी म्हणाला, बघा. मावशी म्हणाल्या, परत. नाव घातलं, काढलं. मामा नव्हता. परत. या वेळी मामा हिरव्या चौकटीत होता आणि खाली लिहून आलं होतं, 'सोडण्यास हरकत नाही'.

दाढीने टॅबलेट स्वतःच्या हातात घेतला. यादी पुन्हा मागवली. मामा गेला. पुन्हा मागवली. मामा आला. त्याचा चेहरा बदलला. मावशींनी तेव्हा वही उघडून समोर ठेवली. त्याने दोनच पानं वाचली.

"दहा मिनिटं राहतं हे," तो हळूच म्हणाला. "फार तर दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत मूल किती लांब जातं, सांगू का?" मावशी म्हणाल्या. "अकरा वर्षं तेच बघत उभी होते मी."

दाढी उठला आणि वही घेऊन स्वतःच काचेच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही; मॅडम दोनदा उभ्या राहिल्या आणि दोनदा बसल्या, एवढं दिसलं. पाऊण तासाने तो बाहेर आला, 'लहरी' लिहिलेली ओळ पुसली आणि सहावी टेस्ट चालू केली. पुन्हा त्याचंच नाव उमटलं.

बुधवारचं काम नऊ दिवसांनी झालं. गिऱ्हाईक चडफडलं, पत्रं आली, मॅडमना जाऊन बोलणी खावी लागली. निरोप आता दोन्ही प्रतींना जाऊ लागला. दाढीने ते दुरुस्त केलं आणि पुढे त्याच्या प्रत्येक नव्या माणसाला तो आधी मावशींचा जुना कॉम्प्युटर दाखवू लागला. तोंडाने मात्र कधी 'चुकलो' म्हणाला नाही. मावशींनीही वाट पाहिली नाही. थोरली-धाकटीचा प्रकार सासूबाईंना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "एकीला सांगितलं की दुसरीला कळतं असं समजणाऱ्याने घर चालवलेलं दिसत नाही."

मावशींना टेस्टिंग परत मिळालं, अधिकारही परत मिळाला. बढती मिळाली नाही. वर्षअखेरीला मॅडमनी प्रत्येकाच्या कामाचा कागद भरला. मावशींच्या कागदावर अचूकपणा उत्तम, चिकाटी उत्तम, आणि शेवटच्या ओळीत असं: 'वरिष्ठांच्या सूचना पाळण्यात कमी पडतात.' मॅडमनी कागद पुढे केला आणि थोडं अवघडून सांगितलं, की घडलं ते घडलं, मला लिहिणं भाग होतं; तुम्हाला मान्य नसेल तर खाली हरकत लिहायला जागा आहे.

मावशींनी चष्मा चढवून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. हरकतीच्या जागेत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'हरकत नाही. पुढच्या वर्षीही हेच लिहावं लागेल.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मॅडमच्या बाजूला सरकवला.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. हसू आवरायचा त्यांचा प्रयत्न फारसा जमला नाही. कागद फाइलमध्ये ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, की बारावी टेस्ट कशाची करताय.

मावशी म्हणाल्या, फाटकावरचं इंटरनेट मध्येच गेलं तर टॅबलेट काय करतो, ते उद्या सकाळपासून बघणार आहे. दाढी म्हणतो असं होत नाही.